पाण्याबाहेर आल्यावरचं दुखणं

१८७० साली अमेरिकेत सेंट लुईस शहराजवळ मिसिसिपी नदीवर मोठा पूल उभा राहत होता. जेम्स ईड्स हे त्याचे अभियंता आणि डॉ. अल्फोन्स जॅमिने हे ईड्स यांच्या घरचे डॉक्टर. नदीच्या तळाशी खणकाम करणारे धडधाकट मजूर काम संपवून वर येत आणि तासाभरात वेदनेनं वाकडे होत. काहींचे पाय जात, काही मरत. हे काय आहे ते बघायला जॅमिने स्वतः खाली उतरले. साधारण ९५ फूट खोलीवर, दाबलेल्या हवेत, पावणेतीन तास थांबले. खाली असताना त्यांना काहीही झालं नाही. मग साडेतीन मिनिटांत ते बाहेर आले. घरी पोचता पोचता पाय जड झाले, आणि थोड्याच वेळात पायांतली आणि एका हातातली ताकद गेली. पुढच्या काही दिवसांत ते सावरले. ज्या आजाराचा शोध घ्यायला गेले होते तो त्यांच्याच अंगात शिरून गेला होता, तरी त्यांनी दोष दिला तो थकव्याला.

माझा दवाखाना मालवणात आहे. इंटर्नशिप संपवून आलेली नवी डॉक्टर मुलं माझ्याकडे थोडे दिवस बसतात, त्यांना मी जॅमिनेंची ही हकीकत आवर्जून सांगते. या आजाराची फसवी चाल तिच्यात पुरी दिसते. संकट पाण्याखाली येत नाही, सुखरूप वर आल्यावर येतं. माणूस घरी पोचलेला असतो, जेवलेला असतो, क्वचित झोपूनही उठलेला असतो. मग खांदा दुखायला लागला की तो गार वाऱ्याला दोष देतो, जड सामानाला देतो, शिळ्या मासळीला देतो. पाण्याची आठवणच येत नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा या आजाराचा इतिहास म्हणजे भलत्याच गोष्टीला दोष देण्याचा इतिहास आहे, आणि तो अजून संपलेला नाही.

हे मजूर पाण्यात बुडी मारत नव्हते. नदीच्या तळावर एक प्रचंड, तळ नसलेली पेटी पालथी बसवत. तिला कॅसन म्हणतात. आत पाणी शिरू नये म्हणून वरून पंपानं दाबलेली हवा भरत. पेटीच्या पोटात माणसं उभी राहून गाळ उपसत, वर दगडाचं बांधकाम चढत जाई आणि त्या वजनानं पेटी हळूहळू खडकापर्यंत खाली जाई. जितकी खोल जाई तितकी आतली हवा जास्त दाबावी लागे. दर १० मीटर पाण्यामागे एका वातावरणाचा दाब वाढतो, हा हिशेब समुद्रातल्या पाणबुड्यालाही लागू आहे आणि कॅसनमधल्या मजुरालाही. आत-बाहेर करायला मध्ये एक छोटी खोली असे, दोन दारांची. तिथे दाब सोडायचा, दुसरं दार उघडायचं आणि घरी जायचं. दिवसभर राबलेल्या माणसाला त्या खोलीत ताटकळायची हौस नसते. मुकादमालाही नसते.

ही युक्ती मूळ फ्रान्सची. जॅक ट्रिजे नावाच्या अभियंत्यानं १८३९ च्या सुमारास ल्वार नदीकाठी शालोन इथं कोळशाच्या खाणीसाठी ती वापरली. नदीच्या वाळूतून खाली जायचं तर पाणी थोपवणं भाग होतं. दोन मजुरांचे सांधे बाहेर आल्यावर जबर दुखू लागले, हे ट्रिजेंनी १८४१ मध्ये नोंदवून ठेवलं. माणसातल्या या आजाराची ही पहिली लेखी नोंद मानतात. पुढे १८५४ मध्ये पोल आणि वातेल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी खाणमजुरांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. आत जाण्यात धोका नाही, तो बाहेर येण्यात आहे, हे त्यांनी नेमकं हेरलं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, दुखणं उठलेला मजूर पुन्हा दाबलेल्या हवेत नेला तर त्याला आराम पडतो, हेही त्यांनी लिहिलं. म्हणजे आजाराची ओळख आणि उपाय, दोन्ही १८५४ मध्ये कागदावर आलेली होती.

आणि तरीही सोळा वर्षांनी सेंट लुईसला मजूर जस्ताच्या आणि चांदीच्या पट्ट्या अंगाला बांधत होते. त्यातून वीज खेळते आणि दुखणं पळतं, अशी समजूत होती. तेलं चोळणं चाललंच होतं. जॅमिनेंनी कामाच्या पाळ्या लहान केल्या, विश्रांती सक्तीची केली. त्यांचं कारण चुकीचं होतं, पण पाळी लहान केल्याचा उपयोग झाला, कारण माणूस दाबाखाली कमी वेळ राहू लागला. त्या पुलावर या आजारानं १५ माणसं गेली, असा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो. पूल ४ जुलै १८७४ ला खुला झाला आणि आजही तो ईड्स यांच्याच नावानं उभा आहे.

त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनचा पूल सुरू होता. जॉन रोबलिंग या मूळ अभियंत्याचा १८६९ मध्ये धनुर्वातानं मृत्यू झाला आणि काम मुलाकडे, वॉशिंग्टन रोबलिंगकडे आलं. ब्रुकलिनच्या बाजूचं कॅसन साधारण ४५ फुटांवर टेकलं, तिथे फारसा त्रास झाला नाही. मॅनहॅटनच्या बाजूला मात्र खडक खोल होता. कंपनीनं डॉ. अँड्र्यू स्मिथ यांना नेमलं. त्यांनी ११० रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १८७३ मध्ये या दुखण्याला कॅसन आजार हे नाव दिलं. स्मिथ बारकाईनं बघणारे होते. नवखी माणसं जास्त आजारी पडतात, लठ्ठ माणसांना धोका अधिक, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुन्हा दाबाखाली नेल्यावर वेदना थांबतात हेही त्यांना दिसलं. त्यासाठी वेगळी पेटी बांधावी अशी सूचनाही त्यांनी केली. पण त्या पुलावर ती पेटी काही आली नाही.

मे १८७२ मध्ये मॅनहॅटनचं कॅसन ७८ फुटांच्या खाली गेलं होतं. खडक अजून पुढे होता आणि माणसं मरू लागली होती. रोबलिंगनं काम तिथेच थांबवलं आणि मनोरा घट्ट वाळूवर उभा केला. आज दीडशे वर्षं तो वाळूवर उभा आहे. मला या माणसाचं या निर्णयासाठी फार मोल वाटतं. खडक गाठण्याचा हट्ट धरला असता तर किती मजूर गेले असते, याचा हिशेब त्यानं केला. तो स्वतः वारंवार खाली उतरत होता आणि त्यालाही हा आजार जडला. प्रकृती कायमची खालावली. पुढची जवळजवळ अकरा वर्षं घरून सूचना देणं आणि त्याची पत्नी एमिलीनं त्या कामावर पोचवणं, अशा रीतीनं पूल पुरा झाला. २४ मे १८८३ ला तो खुला झाला. एमिली गणित आणि बांधकाम शिकून इंजिनियरांशी बोलत होती, हे लोक कौतुकानं सांगतात. तिला ते का शिकावं लागलं, हे मात्र सांगायचं राहून जातं.

राग येतो तो यापुढच्या गोष्टीचा. १८८९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्येच हडसन नदीखालून बोगदा खणत होते. अर्नेस्ट मॉयर नावाचा ब्रिटिश अभियंता तिथे कामावर आला, तेव्हा पन्नासेक माणसांच्या तुकडीत महिन्याला जवळजवळ एक माणूस मरत होता. मॉयरनं एक लोखंडी पेटी बसवली. दुखणं उठलेल्या मजुराला तिच्यात घालायचं, हवेचा दाब पुन्हा वाढवायचा आणि मग सावकाश उतरवायचा. त्यानंतरच्या सव्वा वर्षात, सव्वाशेच्या आसपास माणसं कामावर असताना, दोनच मृत्यू झाले. उपाय फ्रेंच डॉक्टरांनी लिहून ठेवल्याला तोवर ३५ वर्षं झाली होती. मधल्या काळातली माणसं माहिती नसल्यानं मेली असं मला म्हणता येत नाही. पेटीला पैसे लागतात आणि सावकाश उतरवायला वेळ लागतो, मजूर मात्र रोज सकाळी नवा मिळत होता.

शरीरात नेमकं काय होतं हे तोवर उलगडलं होतं. रॉबर्ट बॉईलनं १६७० मध्येच हवा काढून घेतलेल्या भांड्यात ठेवलेल्या सापाच्या डोळ्यात बुडबुडा हलताना पाहिला होता. पण त्याचा माणसांशी संबंध जोडला तो पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं, १८७८ च्या त्याच्या ग्रंथात. आपण श्वासात घेतो त्या हवेत तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजन असतो. दाब वाढला की तो रक्तात आणि चरबीत जास्त विरघळतो. शरीर त्याचा काही उपयोग करत नाही, तो नुसता साठतो. सावकाश वर आलं तर तोच नायट्रोजन फुप्फुसांतून निमूट बाहेर पडतो. घाईनं वर आलं तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होतं तेच अंगात होतं. बुडबुडे सांध्यात अडकले तर वेदना, मज्जारज्जूत अडकले तर पाय जाणं, कानाच्या आतल्या भागात अडकले तर गरगरणं. एकच आजार इतके वेगवेगळे मुखवटे घालतो, त्यामुळे तो ओळखायला कठीण.

समुद्रातल्या पाणबुड्यांनी याची किंमत ग्रीसच्या बेटांवर मोजली. कालिम्नोस आणि सिमी या बेटांवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या श्वास रोखून, हातात दगड धरून समुद्रातले स्पंज काढत. १८६० च्या दशकात तिथे तांब्याच्या शिरस्त्राणाचा सूट आला. होडीवरच्या पंपातून नळीनं हवा मिळू लागली आणि माणूस खाली हवा तितका वेळ राहू शकला. स्पंज भरभरून निघाले, व्यापारी श्रीमंत झाले आणि बेटांवर काठी टेकत चालणाऱ्या तरुणांची संख्या वाढत गेली. १९०० साली अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेलं प्राचीन जहाज सिमीच्या अशाच स्पंजवाल्यांना सापडलं. ग्रहगणित करणारं ते प्रसिद्ध प्राचीन यंत्र त्यातूनच आलं. जहाजातला ऐवज वर काढताना एक पाणबुड्या मेला, दोघे अपंग झाले. संग्रहालयात यंत्राभोवती गर्दी असते.

कालिम्नोसवर आजही एक नाच नाचतात, मिहानिकोस त्याचं नाव. पुरुष हातात हात गुंफून गोलात नाचत असतात आणि पुढचा नाचणारा हळूहळू काठीवर रेलतो, त्याचे पाय थरथरू लागतात, पावलं ताल सोडतात. तो सूट घालून गेलेला पाणबुड्या असतो. मग क्षणभर तो पूर्वीसारखा नाचून बघतो आणि पुन्हा काठीवर येतो. ज्या गावानं या आजाराची चाल लोकनृत्यात जपली, त्या गावातली म्हातारी बाई तो दारातून ओळखत असेल, याबद्दल मला शंका नाही.

वर येण्याचा नियम बांधला तो जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी. ब्रिटिश आरमारानं त्यांच्याकडे काम सोपवलं आणि त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोलादी पेटीत बकऱ्या घालून प्रयोग केले. एकूण ८५ बकऱ्या. बकरीला सांगता येत नाही कुठे दुखतं ते, पण दुखऱ्या सांध्याचा पुढचा पाय ती उचलून धरते, आणि तेवढी खूण पुरत होती. हॉल्डेनना दिसलं की दाब निम्म्यावर आणला तर सहसा त्रास होत नाही. मग टप्प्याटप्प्यानं थांबत वर यायचं, पृष्ठभागाजवळ जास्त थांबायचं, असा तक्ता तयार झाला. १९०८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याआधी १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या लॉक स्ट्रिवनमध्ये आरमाराचे दोन पाणबुडे, डॅमंट आणि कॅटो, या रीतीनं २१० फुटांपर्यंत जाऊन धड वर आले. तिथेच हॉल्डेनांच्या तेरा वर्षांच्या मुलानंही बुडी मारली. सूट त्याला मोठा होत होता आणि मनगटातून पाणी आत येत होतं. तोच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाला, दुसऱ्या महायुद्धात त्यानं आरमारासाठी स्वतःवरच दाबाचे प्रयोग करून मणके मोडून घेतले, १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. आमच्या मालवणजवळच्या तारकर्लीची मुलं ज्या संगणकाचं घड्याळ मनगटाला बांधून बुडी मारतात, त्यातल्या गणिताचं मूळ थोरल्या हॉल्डेनांच्या कामात आहे.

मालवणचा हा बुडीचा धंदा अगदी अलीकडचा. मासेमारीच्या घरांतली मुलं पर्यटकांना सिंधुदुर्गच्या आसपास पाण्याखाली नेतात. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचं स्कूबा केंद्रही आहे. पर्यटकाची बुडी उथळ आणि थोडक्या वेळाची असते, त्याला या आजाराचा धोका फार कमी. त्याला धोका असतो तो घाबरून श्वास रोखून झटकन वर येण्याचा. त्यात फुप्फुस फाटून हवा रक्तात जाऊ शकते, तीही चार-पाच मीटरवरून, आणि त्याचा परिणाम काही मिनिटांत दिसतो. बुडबुड्यांच्या आजाराचा खरा धोका आहे तो नेणाऱ्या पोराला. तो दिवसभर खाली-वर करतो, आणि शिवाय नांगर सोडव, अडकलेलं जाळं काढ, ही कामंही त्याच्याच माथी.

असाच एक मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला. डावा हात उजव्या हातानं धरलेला. आई म्हणाली, "डॉक्टरांनू, कालपासून हात वर जाणा नाय. थंडीन धरल्यान असात." आधी दुसऱ्या एका दवाखान्यात वेदनाशामक गोळी मिळाली होती आणि ओझं उचलू नको असा सल्ला. मी त्याला विचारलं, "काल पाण्यातून वर किती वाजता इलंस?" तो दचकला. म्हणाला, "तीन वाजता. नांगर अडकललो, तो सोडवक गेलंय." किती खोल? वीस-बावीस मीटर. किती वेळा? तीनदा, दम लागेपर्यंत. त्याआधी सकाळपासून पर्यटक. दुखणं पाचच्या सुमाराला सुरू झालेलं.

खांदा मी सगळीकडे दाबून पाहिला. दाबल्यानं दुखणं वाढत नव्हतं, सूज नव्हती, लाली नव्हती. मुरगळलेला खांदा असा नसतो. बोटांना मुंग्या येतात का विचारलं तर आईकडे बघत हो म्हणाला, तिला ते त्यानं सांगितलं नव्हतं. डोळे मिटून उभं केलं. मग दवाखान्यातल्या लादीच्या जोडरेषेवरून टाचेला बोट लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तोल गेला. तेवढ्यावर मी त्याला आडवं केलं, तोंडावर ऑक्सिजनचा घट्ट मास्क लावला आणि मॉयरच्या पेटीसारखा दाबाचा चेंबर असलेल्या ठिकाणी फोन फिरवले.

काका गाडी घेऊन आले होते. त्यांना कोल्हापूरला न्यायचं होतं, तिथलं मोठं रुग्णालय ओळखीचं. मी नाही म्हटलं. कोल्हापूर म्हणजे घाट, आणि घाट चढणं म्हणजे हवेचा दाब आणखी कमी होणं, बुडबुडे आणखी फुगणं. आंबोली ७०० मीटरच्या आसपास आहे, कोल्हापूर शहरच ५०० मीटरहून उंच. समुद्रालगतच्या सखल रस्त्यानं त्याला नेलं, पूर्णवेळ ऑक्सिजन चालू ठेवून. १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली, शुद्ध ऑक्सिजन देत, जवळजवळ पाच तास चालणारे उपचार झाले. उपचारांचा हा तक्ता अमेरिकी आरमारानं १९६० च्या दशकात बसवला आणि जगभर तोच चालतो. मुलगा हात वर करून बाहेर आला.

त्याच्या मनगटावरच्या घड्याळात सगळं हिरवं होतं, आणि त्याच भरवशावर तो गप्प राहिला होता. हे घड्याळ फक्त अंदाज सांगतं. तक्ता पाळूनही हा आजार होऊ शकतो, म्हणून घड्याळावरून निदान नाकारू नये. बुडीनंतर बहुतेकांना सहा तासांच्या आत त्रास सुरू होतो, क्वचित चोवीस तासांनी किंवा त्याहून उशिरा. सांधेदुखी, मुंग्या, बधिरपणा, कारण नसलेला प्रचंड थकवा, अंगावर संगमरवरासारखी निळसर-लाल नक्षी, गरगरणं, धाप, लघवी अडणं, यातलं काहीही बुडीनंतर उठलं तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो हाच आजार धरावा. ऑक्सिजननं दुखणं थांबलं तरी चेंबर टाळू नये. बरं वाटावं म्हणून पुन्हा पाण्यात उतरू नये. आणि एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये.

सीझनला मालवणात येणाऱ्यांना आणि इथल्या मुलांच्या आयांना माझी एवढीच विनंती आहे. बुडीनंतरच्या दोन दिवसांत कोणत्याही दुखण्यासाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, आणि त्यांनी विचारलं नाही, तरी तुम्ही आपणहून सांगा: किती खोल गेला होता, किती वेळ होता, आणि वर किती वाजता आला.